गिटारची घूंघूं आणि आईंच्या मुंग्या

गिटार मला वाजवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो. इतकी वर्षं गुलटेकडीच्या दोन खोल्यांत बसून मी इलेक्ट्रिक गिटारींची पोटं उघडली, तारा बदलल्या, कॉइल गुंडाळल्या, बटणं साफ केली, पण एक गाणं काही हातून वाजलं नाही. दुरुस्ती झाली की सगळ्या तारा एकदा छेडायच्या, कान देऊन ऐकायचं आणि गिटार पिशवीत घालायची. माझी मजल तेवढीच.

मी मूळची हडपसरच्या एका कारखान्यातली कॉइल वाइंडिंगची बाई. रेडिओ आणि टीव्हीचे लहान ट्रान्सफॉर्मर आम्ही बनवायचो. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना आम्ही बायका आणि समोर केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेची रिळं. तार जास्त ताणली तर तुटते आणि सैल सोडली तर कॉइल ढिली पडते. तो ताण बोटांनाच कळावा लागतो. मग देश खुला झाला, बाहेरचे टीव्ही आले, तयार सुटे भाग जहाजातून येऊ लागले आणि आमचं टेबल हळूहळू रिकामं होत गेलं. शेवटी स्वेच्छानिवृत्तीचा कागद समोर आला. त्यात स्वेच्छा कोणाची होती ते आम्हाला कोणी विचारलं नाही.

घरी आले तेव्हा आमचे हे मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर दिवाणजी होते. पहाटे जायचे, दुपारी घामेजून यायचे. मी नुसती बसून होते. आमच्या वरच्या मजल्यावर एक ऑर्केस्ट्रात वाजवणारे गृहस्थ राहायचे. गणपतीचे दिवस तोंडावर आले आणि त्यांच्या गिटारचा आवाज गेला. ते खाली येऊन म्हणाले, “वहिनी, तुम्ही कॉइल गुंडाळायचात ना? यातही कॉइलच असते म्हणतात.” उघडून पाहिलं तर खरंच होती. एका पट्टीवर सहा लहान लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती आमचीच ती बारीक तार. याला पिकअप म्हणतात. वर लोखंडी तार थरथरली की या कॉइलमध्ये नावापुरती वीज तयार होते, ती वायरीतून अँप्लिफायरच्या खोक्यात जाते आणि खोकं ती मोठी करून ऐकवतं. बाकी सगळी बटणं, स्विच, खाचा या त्या एवढ्याशा विजेची वाट अडवायला किंवा सोडायला असतात. शिवणयंत्राच्या मोटारीवर मी ती कॉइल पुन्हा गुंडाळली आणि त्यांचे गणपती पार पडले. त्यांनी दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची आली. बटण फिरवलं की करकरतं म्हणून एकाने त्यात खोबरेल तेल ओतलं होतं, आणि वर मला विचारत होता की कोणतं तेल वापरायला हवं होतं. एक वडील मुलाची गिटार घेऊन आले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, “अहो, ही मार्चपर्यंत बंद पडेल असं काही करून द्या. बारावीचं वर्ष आहे.” मी म्हटलं, मी दुरुस्त करते, बिघडवत नाही. ते म्हणाले, “आपण एखादी वायर काढून ठेवलीत तरी चालेल, मी कोणाला सांगणार नाही.” नाही म्हटल्यावर रागावून गेले. पुढच्याच आठवड्यात मुलगा तीच गिटार घेऊन हजर. वडिलांनी वायर स्वतःच काढली होती, आणि चुकीची काढली होती.

खराडीला आयटीच्या इमारती उभ्या राहिल्या आणि माझं गिऱ्हाईक बदललं. ही मुलं कंपनीच्या कामाने परदेशी जात आणि येताना चांगल्या गिटारी घेऊन येत. आमचे हे तोवर निवृत्त झाले होते. दार तेच उघडायचे. मुलगा आपली गिटार कोणत्या देशातली, कोणत्या लाकडाची हे सांगू लागला की हे म्हणायचे, “ठेवा इथे. नाव सांगा. आपण निघालात तरी चालेल.” माझी गिऱ्हाईकं यांच्यामुळे पळतील असं मला वाटे. पळाली नाहीत. उलट यांचं बोलणं ऐकायला म्हणून काही जण पुन्हा येत.

ज्याच्याबद्दल लिहायचं ठरवलं आहे तो नीलेश असाच एकदा आला. दिग्रसकडचा मुलगा, खराडीला नोकरी, मांजरीला नव्या सोसायटीत फ्लॅट. हळू बोलायचा. त्याची तक्रार अशी की गिटार अँप्लिफायरला लावली की मागे सतत घूं असा आवाज येतो.

आता अशा गिटारला थोडी घूंघूं असतेच. कॉइल तारांची थरथर पकडते, तशी घरातल्या विजेचीही पकडते. ती कमी करायचा साधा उपाय म्हणजे आतून एक वायर तारा बसवलेल्या पट्टीला, म्हणजे ब्रिजला, जोडलेली असते. वाजवणाऱ्याचा हात तारांना लागला की आवाज खाली बसतो. ती वायर सुटली असेल असं धरून मी उघडलं. सुटली नव्हती. तरी सोल्डरचा डाग पुन्हा दिला, माझ्या अँप्लिफायरवर लावून पाहिली. आवाज स्वच्छ. नीलेशला दिली.

आठवड्याने तो परत आला. “काकू, सॉरी, पण घरी सेमच आहे.”

मी गिटारचं वायर खोचायचं सॉकेट बदललं. आतल्या पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा लावला, त्याने बाहेरच्या विजेचा त्रास कमी होतो. माझ्याकडे आवाज स्वच्छ, त्याच्याकडे घूं. तिसऱ्यांदा आला तेव्हा वायर बदलून दिली. चौथ्यांदा आला तेव्हा आमच्या ह्यांनी दारातच विचारलं, “गिटारला इथे करमत नाही की तिथे?”

नीलेश हसला नाही. चेहरा उतरलेला होता. मी चहा ठेवला आणि विचारलं, सगळं ठीक ना. तेव्हा कळलं की वडील वर्षापूर्वी गेले, आईला त्याने गावाहून इथे आणलं आणि आता आईच्या हाताला मुंग्या येतात. हडपसरच्या डॉक्टरांनी आधी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, मग नसांची तपासणी केली. त्यात काही निघालं नाही. आता मोठ्या मशीनमधून मानेची तपासणी सांगितली होती. आईचं एकच पालुपद होतं की मला गावी सोडून दे, तिथे बरं वाटतं.

“तिला घेऊन फिरण्यात सुट्ट्या संपल्या,” तो म्हणाला. “घरी येऊन जरा वाजवावं म्हटलं तर ही घूंघूं.”

मी थकले होते. डोळ्यांना तेव्हाच त्रास सुरू झाला होता, डाग देताना मान अवघडायची, आणि एकाच गिटारवर चार वेळा बसण्याचा कंटाळा आला होता. पण माझ्याकडे न दिसणारी खोड त्याच्या घरी जाऊन पाहायला हवी, एवढं समजत होतं. रविवारी येते म्हटलं.

रविवारी सकाळी तो गाडी घेऊन आला. हडपसरवरून जाताना आमच्या कारखान्याची जागा लागली. तिथे आता गाड्यांची काचेरी शोरूम आहे. मी मान वळवून बघितलं. पुढे मांजरीच्या रस्त्याला एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला नव्या इमारती. त्याची इमारत उंच होती, रंग ताजा होता, जिन्यात अजून सिमेंटच्या गोण्या पडल्या होत्या. सोसायटी बिल्डरकडून ताब्यात यायची होती.

दारात मी चपला काढल्या. नीलेशने घरातल्या रबरी सपाता पायात घातल्या. बैठकीच्या खोलीत अँप्लिफायर होता. त्याने गिटार लावली, घूं सुरू झालं. मी तारांना हात लावला. आवाज खाली बसायला हवा होता, तो वाढला. आणि बोटांच्या टोकांना काहीतरी चावल्यासारखं झालं. अगदी हलकं.

“तुला हे होतं का?” मी विचारलं.

“काय?”

“बोटांना झिणझिण्या.”

“नाही,” तो म्हणाला. त्याच्या पायात रबर होतं, त्याला कसं होणार.

तेवढ्यात आई पाणी घेऊन आल्या. बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर, पाय अनवाणी. मी पाणी घेतलं आणि विचारलं, “आई, मुंग्या केव्हा येतात हो तुम्हाला?”

“भांडे घासताना येते,” त्या म्हणाल्या. “अन् अंघोळीच्या वक्ती. नळाले हात लावला का सुरू होते.”

“आणि गावी?”

“गावी नाही येत. मी सांगतो याले, त हा म्हणते तिकडं आराम असते म्हणून नाही येत. तिकडं कोणता आराम वो बाई? तिकडं त हापशीचं पाणी भरत होती मी.”

नीलेश म्हणाला, “आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना, स्ट्रेस.”

मी पिशवीतून टेस्टर काढला आणि स्वयंपाकघरात गेले. सिंकचा नळ स्टीलचा होता. टेस्टरचं टोक नळाला लावलं. त्याच्या आतला बारीक दिवा मंद लाल ठिणगीसारखा पेटला आणि तसाच राहिला.

नीलेशने टेस्टर माझ्या हातून घेतला, स्वतः लावून पाहिला, मग न्हाणीघरात जाऊन तिथल्या नळाला लावला. “तिथेही पेटतो,” बाहेर येऊन तो म्हणाला.

“मी म्हणत होती ना,” आई एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मला स्वतःचंच हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. डॉक्टर आईंचं अंग तपासत होते, मी गिटारचं पोट तपासत होते, आणि बिघाड दोन्हीत नव्हता.

आम्ही खाली सेक्रेटरींकडे गेलो. हे गृहस्थ विमा कंपनीतून निवृत्त झालेले, पेठेतलं घर विकून इथे आलेले. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आपण गिटार दुरुस्त करता ना? इमारतही करता हे माहीत नव्हतं.”

“इमारत नाही करत,” मी म्हटलं. “पण नळात वीज आहे.”

“टेस्टर खराब असेल.”

“असेल. तुमच्या नळाला लावून बघू या.”

ते उठले. त्यांच्या सिंकलाही तीच ठिणगी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दोनदा वाकून पाहिलं, मग शांतपणे फोन उचलला आणि गावातल्या वायरमनला बोलावलं. माणूस बोलायला तिरकस, पण कामाला सरळ होता. हे आधी कोणी सांगितलं असतं तर आधीच बोलावला असता, एवढं मात्र मला ऐकवलं.

वायरमन बबन, मांजरीचाच. मीटरच्या खोलीत शिरला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. “काकू, हितं या जरा. वर सगळ्यांच्या घरात अर्थिंगची वायर ओढलेली हाय. ती खाली हितपर्यंत आलीय, आन हितंच लोंबतीय. खड्डाच न्हाई केला.”

आता हे जरा समजावून सांगते. प्लगचं तिसरं मोठं भोक असतं, त्याची वायर जमिनीत पुरलेल्या पत्र्यापर्यंत गेलेली असते. फ्रीज, गिझर अशा कुठल्याही वस्तूत वीज बाहेर झिरपली तर ती या वाटेने जमिनीत जाते आणि माणूस वाचतो. इथे सगळ्या घरांच्या वाटा एकत्र जोडल्या होत्या आणि पुढे जमीनच नव्हती. म्हणजे कोणा एकाच्या घरात झिरपलेली वीज सगळ्यांच्या गिझरवर, गिझरमधून नळांवर, आणि नीलेशच्या घरी अँप्लिफायरमधून गिटारच्या तारांवर येत होती.

“कुणाच्या तरी घरात गळती हाय,” बबन म्हणाला. “ते घर पहिलं बंद कराया पायजे. न्हाईतर आज मुंग्या हायती, उद्या माणूस चिकटंल.”

पण घर कोणतं? एकेका घराचा मेन स्विच खालून बंद करायचा आणि प्रत्येक वेळी वर पळत येऊन टेस्टर लावायचा, असं बबन सांगू लागला. टेस्टरची ठिणगी तशी फसवी, थोडी वीज कमी झाली तर कळत नाही. मी म्हटलं, गिटार आहे की. तिला कळेल.

मग मी नीलेशच्या बैठकीत खुर्चीवर बसले. पायात त्याच्या रबरी सपाता, मांडीवर गिटार, अँप्लिफायरचा आवाज मोठा केलेला, खोलीभर घूं. नीलेश फोन कानाला लावून शेजारी उभा. खालून बबन घराचा नंबर सांगायचा, स्विच पाडायचा. मी मान हलवायची, नाही. पुन्हा चालू, पुढचं घर. ज्यांची वीज जात होती ते रविवारचा टीव्ही बंद पडला म्हणून जिन्यात येऊन ओरडत होते आणि सेक्रेटरी त्यांना सांगत होते, “बसा जरा. जीव वाचवण्याचं काम चाललंय, आपलाही त्यात आहे.” आई दाराला टेकून उभ्या होत्या. माझा हात भरून आला, कानात ती घूंघूं इतकी बसली की ती आहे की मला भास होतोय हेच कळेना.

आणि एकदम ती खाली बसली. पूर्ण गेली नाही, पण भरलेली खोली रिकामी व्हावी तशी बसली.

“थांबलं,” आई माझ्या आधी म्हणाल्या.

ते घर दुसऱ्या मजल्यावरच्या करंदीकर बाईंचं निघालं. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. आम्ही गेलो तेव्हा त्या वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. न्हाणीघरात पाहिलं तर प्लॅस्टिकचं स्टूल, त्यापुढे रबरी चटई, आणि नळाच्या तोटीवर एक कोरडं फडकं गुंडाळलेलं. बबनने गिझर पाहिला आणि मागे सरला. “गळती हितनंच हाय.”

“बाई, हे फडकं कशासाठी?” सेक्रेटरींनी विचारलं.

“नळ धरायला,” बाई म्हणाल्या. “नुसत्या हाताने धरला की मला झटका बसल्यासारखं होतं. माझं रक्तदाबाचं आहे ना.”

“किती दिवस होतंय हे?”

“हिवाळ्यापासून. मी म्हटलं, वय झालं. कोणाला कशाला सांगायचं.”

मुंग्या इमारतीत अनेकांना येत होत्या, नंतर एकेक जण सांगू लागला. पण प्रत्येकाने आपल्याच अंगात काहीतरी बिघडलंय असं धरलं होतं. नवं घर बिघडलेलं असेल हे कोणाच्या मनात आलं नाही, कारण सगळ्यांनी ते मोठ्या हौसेने घेतलं होतं.

बबनने त्या दिवशीच बाईंचा गिझर काढला. सेक्रेटरींनी सगळ्या घरांचे गिझर बंद करायला लावले आणि खाली फळ्यावर सूचना लिहिली, ‘पुढील सूचनेपर्यंत गिझर वापरू नये. थंड पाण्याने स्नान आरोग्यास हितकारक असते.’ बिल्डरचा माणूस उद्या येतो म्हणून सांगत राहिला. शेवटी सेक्रेटरी रोज सकाळी त्याच्या ऑफिसात जाऊन, तिथलं वर्तमानपत्र घेऊन, न बोलता बसू लागले. तेव्हा कुठे खड्डा खणला गेला, त्यात पत्रा, कोळसा, मीठ घातलं गेलं, आणि ती लोंबणारी वायर जमिनीत गेली. नीलेशने मला फोन करून गिटार ऐकवली. असायला हवी तेवढी घूंघूं होती. हात लावला की बसत होती.

हे इथे संपलं असतं तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

पंधरवड्याने नीलेश पेढे घेऊन आला, आईंनाही घेऊन आला. खूश होता. “काकू, आता आईचं काही टेन्शन नाही. मुंग्या एकदम बंद. आता ती इथेच राहणार.” तो बाहेर ह्यांच्याशी बोलत बसला. आई माझ्या मागे स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

“बाई,” त्या हळूच म्हणाल्या, “तुमी हे बरं नाही केलं.”

मी चमकून पाहिलं. वाटलं, थट्टा करतात. थट्टा नव्हती.

“मुंग्या होत्या तवा म्हणता येत होतं का मले गावी जाऊ दे. आता काय म्हणू? सकाळी हा जाते, अंधार पडल्यावर येते. शेजारचं दार कधी उघडत नाही. मी दिवसभर त्या खिडकीपाशी. तिकडं माह्या घरी चार बाया येते, आमचा पापडाचा गट हाये. मी त्या गटाची अध्यक्ष होती वो बाई.”

“मग त्याला सांगा ना तसं.”

“कसं सांगू? त्याचा बाप गेला त लोकांची पोरं मायले तिथंच ठेवते. यानं मोठ्या मनानं आणलं. माह्यासाठी घर घेतलं म्हणते. त्याले कसं म्हणू का मले तुह्या घरी करमत नाही?” त्यांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. “तुमी असं सांगा ना, का अजून थोडं बाकी हाये. नळाचं.”

चहा उतू जायला आला, मी गॅस बारीक केला. आयुष्यभर मी बिघडलेलं आहे तेच बिघडलं म्हटलं. त्या बारावीच्या वडिलांना नाही म्हणताना मला काही वाटलं नव्हतं. या बाईंना नाही म्हणणं जड गेलं.

“नळाचं खोटं नाही सांगणार,” मी म्हटलं. “पण दुसरं सांगते.”

चहा घेऊन बाहेर गेले. नीलेशच्या हातात कप दिला आणि खाली बसून म्हणाले, “नीलेश, आईंना आता काही त्रास नाही. इथेही नाही आणि गावीही नाही. पण त्यांना गावी जायचंय.”

“का?” तो म्हणाला. “आता तर सगळं झालं.”

“त्यांचं घर तिकडे आहे म्हणून.”

त्याने आईंकडे पाहिलं. त्या दारात पदराशी चाळा करत उभ्या होत्या. “आई?”

“सणावाराले येत जाईन मी,” आई म्हणाल्या.

“पण हा फ्लॅट मी तुझ्यासाठी घेतला. लोन काढलं. ईस्ट फेसिंग बघितलं, खाली मंदिर बघितलं.”

“मले माहीत हाये ना बाबू.”

त्याने चहा तसाच ठेवला. आमचे हे, जे कोणालाही उठवून लावायचे, त्या दिवशी म्हणाले, “बसा निवांत. घाई नाही.” मला त्या वेळी वाटलं की मी दुसऱ्याच्या घरात नको इतका हात घातला. अजूनही कधी कधी वाटतं. गिटारच्या आत काय सैल आहे हे उघडून दिसतं. माणसांत काय धरून आहे आणि काय नुसतं टेकून आहे, हे ओढून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि ओढल्यावर उपयोग नसतो.

नीलेशने स्वतः आईंना गावी नेऊन सोडलं. परत आला तो बरेच दिवस आमच्याकडे फिरकला नाही. मग एका दुपारी फोन आला, पलीकडून आई.

“कशा आहात?” मी विचारलं.

“चांगली हाये. गट पुन्हा सुरू केला.”

“मुंग्या नाहीत ना?”

“कुठून येते? इथं दिवसभर लाइनच नाही राहत.” त्या हसल्या. मग विचारलं, “पोरगं येते का तुमच्याकडं?”

“नाही आला.”

“फोनवर म्हणते का जेवलो. काय जेवला ते नाही सांगत. तुमी त्याले एकदा बोलावा. माह्या नावानं नको.”

मी त्याला फोन केला आणि सांगितलं की तुझ्या गिटारमधला तो पत्रा एकदा बघायला हवा, सैल झाला असेल. तो रविवारी आला.

आता मी नवीन काम घेत नाही. डोळे साथ देत नाहीत, बारीक तार बोटांना लागते पण दिसत नाही. शिवणयंत्राची मोटार कपाटावर आहे. मुलंही आता जुनी कॉइल गुंडाळून घेत नाहीत, फोनवरून तयार पिकअप मागवतात आणि जुनं फेकतात. त्यात त्यांची चूक नाही. दिवसच तसे आहेत.

नीलेश मात्र बऱ्याच रविवारी गिटार घेऊन येतो. कधी म्हणतो आवाज जरा जाड वाटतो, कधी म्हणतो बटण घट्ट झालंय. तसं काही झालेलं नसतं, आणि ते त्यालाही ठाऊक आहे. मी गिटार मांडीवर घेते, मागची पट्टी काढते, स्क्रू सैल करते आणि परत आवळते. तोवर आमचे हे त्याला पान वाढतात.